दूध आटेपर्यंत

तुरीला फूल आलं की मला थकवा येतो. लोकांना म्हणे या दिवसांत हुरूप येतो. सोयाबीन निघून गेलेलं असतं, दिवाळीच्या फराळाच्या डब्यांत तळाचा चुरा उरलेला असतो, सकाळी पांघरुणाबाहेर पाय काढवत नाही अशी थंडी पडते, आणि कामरगावातून कोणत्याही बाजूला निघा, कापसाच्या पांढऱ्या ओळींमधून तुरीचे पिवळे पट्टे दिसतात. दिसतं छानच, मी कशाला नाही म्हणू? पण शाळेतून घरी येते, पर्स खुंटीला अडकवते, मागचं दार उघडते आणि ती पिवळी रेघ दिसली की मी उंबऱ्यातच थांबते. चहाचं आधणसुद्धा ठेवावंसं वाटत नाही.

यंदाही फुलली. फुलणारच. तुरीला काय, तिला कोणाचं काही माहीत नसतं.

मागच्या दारात उन्हाला झिपरी पडलेली असते. झिपरी म्हणजे आमची कुत्री. जात विचारू नका, तिलाही माहीत नाही. कानांवरून केसांच्या झिपऱ्या लोंबतात म्हणून हे नाव. एके काळी रानडुकरांच्या मागे शेताच्या कडेला, धुऱ्यापर्यंत धावायची, आता ऑपरेशन झाल्यापासून बाईसाहेब अंगानं सुटल्यात आणि मांजर अंगावरून गेलं तरी एकच डोळा उघडतात. मी तिच्याजवळ पायरीवर बसते. दोघी थकलेल्या. तिचं बरं आहे, तिला उद्या शिक्षकांच्या सभेला जायचं नसतं.

ही फुलं त्या वर्षीही अशीच होती. वैशू, माझी मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सासर अनसिंगचं. सातव्या महिन्यात ओटी भरून आणलं तिला, हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, जीपमधून उतरताना स्वतःच्या पोटाला हात लावून हसत होती. आठव्या महिन्यात एका सकाळी म्हणाली, "आई, आज हे हालून नाई राह्यलं." आम्ही गाडी करून अकोल्याला नेलं. पोटातच गेलं होतं. मुलगी होती. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं कधीकधी, यात कोणाचं काही चुकलेलं नाही. कोणाचं चुकलं असतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. निदान भांडता तरी आलं असतं.

वैशूला भूल दिलेली होती. ती शुद्धीवर यायच्या आत तिच्या बाबांनी आणि जावयानं ते गाठोडं नेलं आणि माती देऊन आले. बघितलं तर जीव जास्त तुटेल, असं सगळ्यांचं एकमत झालं. त्या सगळ्यांत मीही होते.

मग घरात माणसं यायला लागली. आपल्याकडे दुःखाला येणारी माणसं काय बोलतात ते ठरलेलं असतं. "इसरून जाय वं पोरी." "काई झालंच नाई असं समज." "वय काय तुहं, अजून लय होतील." वैशू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. जावई रविवारी यायचा. चांगला पोरगा आहे, पण तोंडात मूग. पलंगाच्या कडेला बसायचा, चहा प्यायचा, चपलांच्या अंगठ्याशी खेळायचा आणि बसच्या वेळेला उठायचा. मीही तेच म्हणत होते, विसर म्हणून. दुसरं काय म्हणतात ते मला कोणी शिकवलेलंच नव्हतं.

आणि तिला दूध आलं. याचा कोणीच विचार केला नव्हता, मीसुद्धा नाही, बाईच्या जातीची असून. शरीराला कोण जाऊन सांगणार की बाई गं, आता नको? दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं, पिळायचं नाही, गरम शेक नाही, नीट बसणारे कपडे घालायचे, आपोआप आटेल. वैशूचे ब्लाउज ओले व्हायचे. मी गुपचूप धुवून मागच्या तारेवर वाळत घालायची, समोर नाही. एकदा तिनं विचारलं, "हे कोनासाठी येऊन राह्यलं वं आई?" मी म्हटलं, "झोप तू." असलं उत्तर दिलं मी. वर्गात पोरांना दम देते ना, उत्तर पूर्ण वाक्यात लिहा म्हणून!

फडताळात डबा होता. डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी, आळीव. दसऱ्यालाच भरून ठेवला होता, समोरच्या शेठाणीकाकूंच्या दुकानातून, अगदी निवडून. आता त्याचं करायचं काय? फेकवत नव्हतं. दुसऱ्या कोणा लेकुरवाळीला द्यावा तर तिच्या घरचे घेतील का, आणि खरं सांगायचं तर माझाच हात धजत नव्हता. फडताळ उघडलं की तो डबा समोर. मी चहा-साखर खालच्या फळीवर आणून ठेवली, म्हणजे वरचं दार उघडायलाच नको.

झिपरीचं सुरू झालं ते याच दिवसांत. भादव्यात ती माजावर आली तेव्हा आम्ही तिला गोठ्यात बांधून ठेवलं होतं. एका संध्याकाळी दावं तोडून गेली आणि दुसऱ्या दिवशी चिखलानं माखून, भलतीच खूश होऊन परतली. त्यामुळे तुरीला फूल आलं तेव्हा तिचं पोट ओघळलेलं दिसायला लागलं, सड भरले, आणि गल्लीनं बोटांवर हिशेब केला आणि निकाल लावून टाकला. आमच्याकडे वेचलेला कापूस पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवतात, भाव येईपर्यंत. झिपरीनं त्या गंजीला पंजांनी उकरून उकरून एक खोपा केला आणि आत जाऊन बसली. वैशूचे बाबा दारात उभे राहून ओरडले, "अवं, पाह्य इले! साऱ्या कापसाची वाट लावून राह्यली! ग्रेड जाते नं माह्या मालाची!" ओरडले खरे, पण संध्याकाळी पाहते तर तो कोपरा त्यांनी जुन्या चादरीनं वेगळा करून दिलेला.

शेठाणीकाकू म्हणजे आमच्या गल्लीचं हायकोर्ट. जैनांचं घर, किराण्याचं दुकान, मुंगीच्या वारुळाला साखर घातल्याशिवाय स्वतः चहा न पिणारी बाई. ती रस्ता ओलांडून आली, झिपरीकडे पाहिलं आणि माझ्यावरच घसरली.

"मास्तरीन, हे बाळंतीन व्हायले आली अन् तू इले शिळी पोळी टाकून राह्यली? लाज नाई वाटत?"

"काकू, कुत्री हाय ते."

"मंग? कुत्रीले पोट नाई?"

त्या दिवसापासून रोज तिच्याकडून तुपातली लापशी यायला लागली. आपल्याकडे कुत्री व्याली की गल्लीतून पीठ, तेल, गूळ गोळा करून तिला शिरा करून घालतात, तो इथे व्यायच्या आधीच झाला, आणि तेलाऐवजी तुपात, कारण हायकोर्टाचा हुकूम. बायका परात घेऊन आल्या. कोणी झिपरीच्या कपाळाला कुंकू लावलं, कोणी खणाची चिंधी गळ्यात बांधली. "किती होतीन वं? चार?" "सहा घे, पोट पाह्य नं!" दोघीतिघींनी पिल्लं आपल्यासाठी सांगूनसुद्धा ठेवली. हशा, थट्टा. मला त्यांचा राग नाही आला. इतके दिवस त्या आमच्या घरी मान खाली घालून येत होत्या, त्यांना हसत उंबरा ओलांडायला काहीतरी कारण मिळालं होतं. मलाही मिळालं होतं. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, ते मी जाऊन लोटून आले.

आणि त्याच दुपारी मी डबा काढला. कुत्रीला कसला आलाय शकुन आणि अपशकुन! डिंक तळला, खारीक कुटली, मेथी घातली, लाडू वळले. किती दिवसांनी हाताला काम वाटावं असं काम केलं. झिपरीनं लाडू खाल्ले आणि माझे हात चाटले. मला रडू आलं, पण जरा बरंही वाटलं.

करायला गेलो एक. झिपरीचं दूध असं उतरायला लागलं की चादरीवर डाग पडायचे. पिल्लांचा मात्र पत्ता नाही. शेठाणीकाकू रोज विचारायची, मी रोज मान हलवायची. तेवढ्यात झिपरीनं आपलं आपणच कुटुंब जमवलं. वैशूच्या बाबांची एक चप्पल, माझं शाळेतून घरी आलेलं फळा पुसायचं डस्टर आणि एक अर्धवट कुरतडलेलं मक्याचं कणीस. तिन्हींना पोटाशी घेऊन पडायची. चाटायची. कोणी जवळ गेलं की दात दाखवून गुरगुरायची. वैशूचे बाबा चप्पल घ्यायला गेले तर मनगटावर वरखडा निघाला. अनवाणी अंगणात उभे राहून म्हणाले, "चपलेले दूध पाजून राह्यली हे. येडी झाली काय?"

शेठाणीकाकूंचं निदान वेगळं. गाठी झाल्या, म्हणून तिळाचं कोमट तेल चोळायचं, फडक्यानं शेकायचं. दोघींनी मिळून तेही केलं. मग एका सकाळी मागचा एक सड दगडासारखा लागला, लाल, हात लावला तर चटका. झिपरीनं लापशीकडे बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटून पडली, श्वास भराभर. तेव्हा कुठे आमचं डोकं ठिकाणावर आलं. पोत्यात गुंडाळून, जीप करून, तिला कारंज्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर एक तरुण मुलगी होती. झिपरीचं तोंड फडक्यानं बांधून तिनं ताप पाहिला, पोट चाचपलं, मशीन लावून पाहिलं.

"पोटात काही नाही," ती म्हणाली.

"काई नाई म्हंजे? मेले काय?" वैशूचे बाबा. त्यांचा आवाज कसा तरीच झाला.

"नाही हो बाबा, नव्हतेच. खोटा गाभ आहे. माज येऊन गेला की दीड-दोन महिन्यांनी पुष्कळ कुत्र्यांना होतं असं, नर भेटलेला असो नाहीतर नसो. शरीराला वाटतं पिल्लं आहेत. पोट सुटतं, दूध येतं, जागा उकरतात, वस्तू जवळ घेऊन बसतात. दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतं." मग माझ्याकडे वळून, "हिला खायला काय काय घातलं?"

मी सांगितलं. लापशी, तूप, शिरा, डिंकाचे लाडू, मेथी, आळीव. तेल, शेक. सांगता सांगता माझं मलाच कळत गेलं. वर्गात नाही का, पोरगं गणित फळ्यावर लिहिताना मध्येच थांबतं.

"मॅडम, बाळंतिणीचं सगळं केलंत तुम्ही. मग दूध कसं आटणार? आणि सड चोळले की शरीराला वाटतं पिल्लू पितंय, ते अजून बनवतं. आता त्यात जंतू गेलेत."

इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. म्हणाली, काही दिवस खाणं कमी, तूप-दूध बंद, पाणी मात्र भरपूर. सडांना हात लावायचा नाही, पिळायचं नाही. ती स्वतः चाटत असेल तर जुना बनियन घालून द्या. त्या वस्तू काढून घ्या, पण तिच्या देखत ओढून घेऊ नका, ती बाहेर गेली की काढा. सकाळ-संध्याकाळ लांब फिरवा, मन दुसरीकडे लागलं पाहिजे. पुढच्या माजानंतर परत होऊ शकतं, तेव्हा हे पूर्ण ओसरलं की ऑपरेशन करून घ्या, आत्ता लगेच नाही. निघताना मी विचारलं, "म्हणजे ती नाटक करत नव्हती?" डॉक्टर म्हणाली, "नाटक कसलं? दूध खरंच आहे ना."

आता या विषयात मी गावची तज्ज्ञ झालेय. परवा शाळेत एक बाई म्हणाल्या, आमची कुत्री उशी पोटाशी घेऊन रडते, बाहेरची बाधा असेल का? म्हटलं, बाधा-बिधा काही नाही, आधी डॉक्टरकडे नेऊन पोट तपासा. खरा गाभ असला आणि तुम्ही उपाशी ठेवलंत तर तेही पापच. आणि लाड कमी करा. त्या म्हणाल्या, "लाड कसे कमी करणार हो, बघवत नाही." मधल्या सुट्टीची घंटा झाली.

तेव्हा शेठाणीकाकूला हे सांगणं म्हणजे एक कामच होतं. आधी ती भडकली. "खोटं? मंग माह्या तुपाचं काय? मशीन खोटी असन त्या पोट्टीची!" मग सुजलेला सड पाहिला आणि मटकन खाली बसली. "मी केलं वं हे. मी तिच्या जिवावर उठली." त्या बाईनं झिपरीसमोर हात जोडले आणि क्षमा मागितली, क्षमावाणीच्या दिवशी जैन लोक एकमेकांची मागतात तशी, डोळ्यांत पाणी आणून. मला हसू येईना की रडू येईना. मी म्हटलं, "काकू, लाडू तर म्याच वळले."

प्रश्न होता चप्पल, डस्टर आणि कणसाचा. झिपरीला खोप्याबाहेर काढायचं कोणी? ताप उतरला तशी तिची गुरगुर परत आली होती. आम्ही दोघं नवरा-बायको कापसाच्या खोलीच्या दारात उभे राहून एकमेकांना पुढे ढकलत होतो. मागून आवाज आला.

"सरका बरं. मी नेते तिले."

वैशू. दवाखान्यातून आल्यापासून न्हाणीघर सोडून ती कुठे गेली नव्हती. केस विस्कटलेले, माझी जुनी शाल अंगावर. ती आत गेली, कापसात गुडघे टेकून बसली, झिपरीकडे नुसती पाहत राहिली. झिपरी आधी गुरगुरली, मग थांबली. चादरीवर दुधाचे डाग होते. वैशूनं तिच्या गळ्यात दावं घातलं आणि हळू आवाजात काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. दोघी उठून अंगणातून शेताकडे गेल्या. जाताना वैशू म्हणाली, "आमी बांधावर पोचलो की मंगच काढजो वं आई. तिच्या देखत नको."

मी काढलं. कणीस चाटून चाटून गुळगुळीत झालं होतं. डस्टर अजून कोमट होतं. ते हातात घेऊन मी कितीतरी वेळ त्या कापसात बसून राहिले. साधं डस्टर ते.

परतल्यावर झिपरीनं खोपा हुंगला, उकरला, घरभर शोधत फिरली. कण्हल्यासारखा आवाज काढायची. आम्हाला ऐकवत नव्हतं. वैशू तिच्या मागे मागे फिरायची, हात न लावता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी परत शेतात. तिसऱ्या दिवशीही. वैशूच्या बाबांचा जुना बनियन झिपरीच्या अंगात घातला होता, चारी पाय बाहेर काढून. गल्लीतल्या बायका दारातून बघायच्या पण कोणी काही विचारायचं नाही. झिपरीचे सड सैल पडत गेले. तारेवर मागच्या बाजूला वाळत घालायचे ब्लाउजही कमी झाले. हे दुसरं मी कोणाला बोलले नाही.

एक दिवस शाळेला सुट्टी होती, म्हणून चहाची किटली घेऊन मीही मागून गेले. कोवळं ऊन होतं, तुरीवर मधमाश्यांची घूंऽऽ चाललेली. वैशू बांधावर बसली होती. झिपरी, तो बनियन घातलेली, तुरीच्या सावलीत उंदराचं बीळ उकरत होती. खोपा नव्हे, उंदीर. मला एवढं हायसं वाटलं की मी मोठ्यानं म्हटलं, "चाला, सुटली एकदाची! इसरली बापा आता."

वैशूनं माझ्या हातातला कप घेतला नाही.

"आई, हिच्या पोटात काईच नव्हतं नं?"

"नाई वं. डॉक्टरनं मशीनवर पाह्यलं नं."

"काईच नव्हतं तरी साऱ्या गल्लीनं हिले कुंकू लावलं. किती होतीन म्हनून इचारलं. शेठाणीकाकूनं तूप घातलं. तू लाडू केले. माह्यासाठीचे." ती रागावली नव्हती. एकेक शब्द दमल्यासारखा येत होता. "माह्या पोटात होती नं आई. खरी होती. लाथा मारत होती मले. तर तुमी सगळे म्हनता, झालंच नाई असं समज. मी शुद्धीवर यायच्या आत नेली तिले. मले दाखवली नाई. माह्या मनात तिचं काय नाव होतं, हे बी कोनी नाई इचारलं."

सांगायला माझ्याकडे पुष्कळ काही होतं. आम्ही तुझ्यासाठीच केलं, जग असंच करतं, तुझ्या बाबांनी अन्नाला शिवलं नव्हतं त्या दिवशी. सगळं खरंच होतं. पण तिनं ते विचारलंच नव्हतं. मी किटली खाली ठेवली आणि तिच्याजवळ मातीत बसले.

"काय ठेवलं होतं वं नाव?"

वैशूनं माझ्याकडे पाहिलं, मी पुन्हा झोप म्हणते की काय, असं. मग म्हणाली, "ओवी."

"ओवी," मी म्हटलं. घरात आजवर कोणी न उच्चारलेलं नाव, जिभेला नवं होतं. म्हणून परत म्हटलं, जरा मोठ्यानं, "माही नात, ओवी. कोनासारखी दिसली असती वं?"

आणि माझी पोरगी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आवाज काढून रडली आणि रडता रडता सांगायला लागली.